परवलीचा शब्द हरवल्यावर

कपाटाच्या तळाशी आठ-दहा वर्षे पडून राहिलेला लॅपटॉप बाहेर काढावा, त्यास वीज जोडावी, पडदा उजळावा, आणि त्याने पहिलाच प्रश्न परवलीच्या शब्दाचा करावा, हा प्रसंग मध्यमवर्गीय घरांत आता अपूर्व राहिलेला नाही. आत मुलांच्या बालपणीचे फोटो असतात, वडिलांनी मांडलेले हिशेब असतात, क्वचित् कोणा वृद्धाने अर्ध्यावर टाकलेल्या आठवणी असतात. वस्तू आपली, मजकूर आपला, लिहिणारा हातही आपलाच. नाही ती केवळ किल्ली. ही आपत्ती यंत्रांबरोबर जन्मास आली अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नव्हे. एका सबंध समाजाने स्वतःच्याच पूर्वजांचे लेखन वाचण्याची किल्ली गमाविली व कित्येक शतकांनी ती परत मिळविली, त्याचा पुरावा मुंबईच्या उपनगरांतच पाषाणावर कोरलेला आहे.

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईची खाडी आहे. होडीने ती ओलांडून गोराईस उतरावे व पूर्वेकडे तोंड करावे. खाडी, तिवरांची रांग आणि उंच इमारती यांच्या पलीकडे जो डोंगराळ प्रदेश आहे त्यात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारापासून जवळजवळ हजार वर्षे तेथे भिक्षूंचा राबता होता. भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत, आणि ते उघड्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावेत याच हेतूने कोरलेले आहेत. इ. स. १००९ व १०२१ या साली तेथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे व तिथी पहलवी लिपीत कोरून ठेवली. म्हणजे वर्दळ थांबली नव्हती. परंतु जुने लेख वाचणारा डोळा हळूहळू नाहीसा झाला.

तो कोणत्या दिवशी गेला हे सांगता येत नाही, कारण लिपी एका दिवसात विसरली जात नाही. प्रत्येक पिढी बापाचे अक्षर वाचते, आजोबांचे अडखळत वाचते, पणजोबांचे वाचण्याचा प्रसंगच तिजवर येत नाही. आणि दरम्यान वळणे बदलत राहतात. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले, त्यांवरचा मजकूर वाचण्यास ब्राह्मणांस बोलाविले. कोणासही अक्षर लागले नाही. यात हसण्यासारखे काही नाही. मोडीचे तेच आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे. पणजोबांचे खरेदीखत ट्रंकेत असते आणि बी. ए., एम. ए. झालेले पणतू ते उलटसुलट धरून पाहतात.

किल्ली हरवली की खोट्या किल्ल्या विकणारे येतात, हेही जुनेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर चार्ल्स मॅलेट याने वेरूळच्या काही लेखांच्या नकला करविल्या व त्या काशीस कॅप्टन विल्फर्ड याजकडे गेल्या. तेथे एक पंडित पुढे झाला. त्याच्यापाशी म्हणे सर्व प्राचीन लिप्यांचा उलगडा करणारा ग्रंथ होता! त्याच्या साहाय्याने ते लेख ‘वाचले’ गेले. वनवासातील पांडवांचा गुप्त मजकूर त्यांत निघाला आणि तो एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलाही गेला. पुढे सारे कल्पित ठरले. कोणताही परवलीचा शब्द क्षणात काढून देतो, अशी ग्वाही देऊन आगाऊ पैसे घेणाऱ्या आजच्या जाहिराती पाहिल्या म्हणजे त्या पंडिताची आठवण होते. मात्र पंडिताने निदान कथा तरी रसाळ सांगितली.

खरी किल्ली १८३७ साली सापडली. कलकत्त्याच्या टांकसाळीत नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे आले. ते जवळजवळ मांडले असता बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, असे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने लिपीचा विचार सोडून माणसांचा विचार केला. देवस्थानाच्या कठड्यावर लोक काय लिहितील? अमक्याचे दान. ते दोन अक्षरांचे शब्द ‘दानं’ असले पाहिजेत, आणि त्यांच्या आधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीचे ‘स’ असले पाहिजे. तर्क खरा ठरला. आदल्याच वर्षी लासेन याने एका यवन राजाच्या द्विभाषी नाण्यावरून काही अक्षरे लाविली होती, चार्ल्स विल्किन्सने त्यापूर्वी अर्धशतक गुप्तकालीन लिपीपर्यंत मजल मारली होती; प्रिन्सेप त्या पायऱ्यांवरूनच वर चढला. तीनच वर्षांनी, १८४० साली, तो अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारला.

अक्षरे लागली तरी स्तंभांवरचा ‘पियदसि’ राजा कोण हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर हिंदुस्थानात मिळाले नाही. ते सिंहलद्वीपातून आले. तेथील पाली ग्रंथांत पियदसि हे अशोकाचेच नाव असल्याचे जॉर्ज टर्नर याने त्याच वर्षी दाखविले. घरची प्रत गहाळ झाली होती, परक्या घरी ठेवलेली शाबूत होती. गोराईच्या माणसास याचे दुसरे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. खाडीकाठी जो सोनेरी पॅगोडा आहे, ज्याच्या खांबविरहित घुमटाखाली सुमारे ८,००० माणसे बसू शकतात, त्याचे उद्‌घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी झाले. तेथील विपश्यनेची साधना सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून आणली. भारतात लुप्त झालेली ही विद्या त्या देशाने जतन केली, असे ती परंपरा सांगते.

कान्हेरीचे लेख उघडले तेव्हा आत काय निघाले? राजांची नावे थोडी. बाकी कल्याण, सोपारे, चौल, नाशिक येथील व्यापारी, कारागीर, भिक्षुणी आणि त्यांच्या आयाबहिणी. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला. परंतु कल्याणच्या सामिदत्त सोनाराने संघास दिलेल्या टाक्यावरची ओळ आम्हांस त्या राजाज्ञेहून अधिक मोलाची वाटते. टाक्यास तीत ‘पानियपोढी’ म्हटले आहे, आणि आपले पाणी त्यात सहज ओळखू येते.

आता लॅपटॉपाकडे वळू. संगणकावर परवलीचा शब्द प्रथम १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आला. एकच यंत्र अनेकजण वापरीत, तेव्हा ज्याचे त्याचे दप्तर निराळे राहावे म्हणून कॉर्बातो व त्याचे सहकारी यांनी ही योजना केली. सर्वांचे शब्द एका यादीत उघडे लिहिलेले असत. १९६२ साली ॲलन शेर या तेथल्याच विद्यार्थ्याने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून ती यादी सरळ छापून घेतली! पुढे यंत्राने शब्द न साठविता त्याची एका दिशेनेच होणारी गणिती राख साठवावी, असे ठरले. १९७९ साली मॉरिस व टॉम्पसन यांनी तीत प्रत्येकासाठी वेगळे ‘मीठ’ मिसळण्याची रीत वर्णिली, जेणेकरून दोघांचा शब्द एक असला तरी राख एकसारखी दिसू नये. दुरुस्तीवाल्यास म्हणूनच तुमचा जुना शब्द सांगता येत नाही. तो यंत्रालाच ठाऊक नसतो. त्यास नवा शब्द घालता येतो, इतकेच.

जुन्या लॅपटॉपात पुष्कळदा एवढ्याने भागते. कुलूप दारास असते, आतल्या कागदांस नसते. तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की फोटो निघतात. परंतु जेथे सारी तबकडीच कूटबद्ध केलेली असते तेथे प्रिन्सेपची युक्ती चालत नाही. त्या अक्षरांत ‘दानं’ कोठेच दोनदा दिसू नये, याचसाठी ती विद्या रचली आहे. १२८ अंशांची किल्ली म्हटली तरी संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी होते. तेथे वाट दोनच: बिटलॉकरसारख्या योजनेत कुलूप लावताना मिळालेला ४८ अंकी क्रमांक कोठे तरी टिपलेला असणे, अथवा मजकुराची प्रत दुसरीकडे असणे. दोन्ही नसल्यास दुकानदार तिसरी वाट सुचवितो: सारे पुसून यंत्र नव्यासारखे करून देतो. यंत्र मिळते, मजकूर जातो.

घारापुरीस हेच घडले. लेण्यांच्या दारावर लेख कोरलेली एक शिळा होती. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कुतो सांगतो की, ती वाचणारा हिंदू वा मुसलमान कोणी मिळेना, तेव्हा ती काढून पोर्तुगालास तिसऱ्या जुआंव राजाकडे धाडण्यात आली. तेथेही ती कोणास लागली नाही, आणि पुढे तिचा पत्ताच राहिला नाही. प्रिन्सेपच्या हाती घारापुरीचा ठसा कधी आलाच नाही. ती लेणी कोणी कोरविली हे ठरविताना विद्वान कलचुरी राजांचे नाव घेतात, ते बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून आणि शिल्पांच्या घडणीवरून.