मुका संगणक आणि पाठशुद्धी

काटोलच्या घरी एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवले, तेव्हा पडद्यावर देवनागरी अक्षरे स्वच्छ उमटली; आवाज मात्र उमटेना. हा मुकेपणा अपघाती नाही, त्याला इतिहास आहे.

लिनक्सला प्रथम वाचा दिली ती हानू सावोलाइनेन यांच्या ड्रायव्हरने. पुढे तो 'ओएसएस' या नावाने ओळखला गेला. त्या व्यवस्थेत बहुतेक साध्या कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रामला बोलता येई. 1998 मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी 'अल्सा' प्रकल्प सुरू केला आणि डिसेंबर 2003 च्या 2.6 कर्नेलपासून तीच मुख्य व्यवस्था झाली. अल्साचा एक दंडक नवख्याला चकवतो : प्रथम सारे ध्वनिमार्ग बंदच असतात. अल्सामिक्सरमध्ये मार्गाखाली 'एमएम' दिसले, तर 'एम' ही कळ दाबायची. मार्ग खुला होतो.

मदरबोर्डवरच्या ध्वनीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. 2004 मध्ये इंटेलने 'एचडी ऑडिओ' हे मानक आणले. चिप एकच असली, तरी तिची कोणती पिन कोणत्या जॅकला जोडायची, हे बोर्ड बनवणारा ठरवतो आणि त्याची नोंद बायॉसमार्फत ठेवतो. ही नोंद चुकीची निघाली, की कार्ड ओळखले जाते, मार्ग खुले असतात. पण आवाज अस्तित्वातच नसलेल्या जॅककडे जातो.

यावरचा उपाय साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून अपपाठ दूर केले. कर्नेलमध्येही अशा सदोष बोर्डांची, त्यांच्या दुरुस्त्यांसह, एक लांबलचक यादी आहे. कोणा वापरकर्त्याने आपल्या यंत्राची तपशीलवार नोंद कळवली, की दुरुस्ती यादीत जाते आणि तोच बोर्ड वापरणाऱ्या सर्वांना लाभते. फरक इतकाच, की येथे संपादक एक नसून शेकडो आहेत.

पुढे पल्सऑडिओ आणि 2021 च्या फेडोरा 34 पासून पाइपवायर असे आणखी थर चढले. म्हणून शोधाचा क्रम पाळावा : कार्ड ओळखले गेले का? मार्ग बंद आहे का? आवाज एचडीएमआयकडे तर जात नाही ना? शेवटी पिनांची नोंद. माझ्या यंत्रात दोष या शेवटच्या पायरीवर निघाला. 'एचडीएजॅकरीटास्क' या साधनाने नोंद बदलली आणि यंत्र बोलू लागले.

डोळसांसाठी ही गैरसोय होती, एवढेच. पण जो अंध विद्यार्थी 'ओर्का' हा पडदावाचक आणि 'ईस्पीक'चा मराठी आवाज यांच्या आधारे वाचतो, त्याच्यासाठी मुका संगणक म्हणजे मिटलेले पुस्तक होय. आवाज नसेल, तर तो दुरुस्तीच्या सूचनाही वाचू शकत नाही. त्या यादीत भर पडणारी एकेक ओळ म्हणूनच मोलाची. ती कुठल्या तरी अनोळखी वाचकाचे पुस्तक उघडून देते.