मृत्युपत्रातलं एक नाव



गेल्या दिवाळीत आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, मी मृत्युपत्र करतेय. एक्झिक्युटर म्हणून तुझं नाव घालू का?" मी लगेच हो म्हणाले नाही. रहाटणीत शेतांच्या सोसायट्या झाल्या तेव्हा सख्ख्या भावांचे दावे आपण पाहिलेत. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा? सवयीप्रमाणे आधी माहिती शोधायला बसले.

एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेची व्यवस्था लावणारा माणूस. कोर्ट मृत्युपत्र खरं ठरवून त्याच्या अधिकारावर शिक्का मारतं, ते प्रोबेट. इंग्लंडमध्ये १८५८ पासून प्रोबेटच्या वर्षवार याद्या छापल्या गेल्या. त्यांत मृताच्या नावासोबत बहुतेकदा एक्झिक्युटरचंही नाव सापडतं. इंग्रजांनी हीच पद्धत इकडे आणली. १८८१ च्या कायद्याने पुण्यासारख्या जिल्ह्यांतही प्रोबेट मिळू लागलं. तिथलंच एक प्रकरण वाचताना मी थांबले. एक्झिक्युटरांत नाव होतं बाळ गंगाधर टिळक.

शेंगांची टरफलं आपण शाळेत शिकलो, ही गोष्ट नाही.

७ ऑगस्ट १८९७. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. त्यांचे स्नेही, सरदार बाबा महाराज, पटकीने मरणाच्या दारात होते. त्यांनी मृत्युपत्र केलं. त्यात टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आणखी काहींची नावं घातली. स्वतःवर तुरुंगाची टांगती तलवार असताना टिळकांनी ही जबाबदारी घेतली.

बाबा महाराजांच्या मागे जन्मलेला मुलगा दोनेक महिन्यांतच गेला. मग दत्तकाचा प्रश्न आला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ दत्तक घेतला गेला, असं टिळकांचं म्हणणं. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी ते नाकारलं, कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केलं आणि टिळकांवरच खोट्या साक्षीचा खटला लावला. १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अपिलात सहा महिने उरले. मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. २६ मार्च १९१५ ला जगन्नाथचं दत्तविधान वैध ठरलं. मधल्या काळात मंडालेचा तुरुंगवासही झाला होता. मित्राला दिलेला शब्द साडेसतरा वर्षं पुरला.

टिळकांबद्दल आदर वाढलाच. पण मला ताई महाराजही दिसत राहिल्या. तरुण विधवा, आणि तिच्या घराचा कारभार मृत्युपत्राने नेमलेल्या पुरुषांच्या हाती. मेलेल्या माणसाचा विश्वास मिळाला, तरी मागे राहिलेल्यांचा मिळतोच असं नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

म्हणून मैत्रिणीला हो म्हटलं, पण दोन अटींवर. मृत्युपत्र मुलांना आत्ताच, माझ्यासमोर वाचून दाखवायचं. आणि ज्या दिवशी माझं काम सुरू होईल, त्या दिवसापासून पैन् पैचा हिशेब त्यांना दाखवायचा.

ती हसली. म्हणाली, "वर्गाची मॉनिटर होतीस, ती अजून तशीच आहेस!"