अंध, अल्पदृष्टी मुलांना नोकरीसाठी कसं तयार करायचं? खालापूर-कर्जतच्या पालकांसाठी सविस्तर माहिती

रसायनी : मुलाला दिसत नाही म्हटल्यावर घरचे आधी डॉक्टरच्या मागे पळतात, मग शाळेच्या. नोकरीचा विचार मात्र बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होतो. तोवर बराच उशीर झालेला असतो. हातात सर्टिफिकेट असतं, पण एकट्याने एसटी पकडायची सवय नसते, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नसतो आणि सहीच्या जागी अंगठा असतो. नोकरी देणारा मार्कांच्या आधी हेच बघतो. म्हणून तयारी मूल सहा-सात वर्षांचं असतानाच सुरू करावी लागते.

एकाच रेल्वे लाइनवरची दोन गावं

कर्जतहून कल्याणकडे जाताना नेरळनंतर शेलू आणि मग वांगणी लागतं. मुंबईत भाडं परवडत नाही म्हणून बरीच अंध कुटुंबं वांगणीत राहतात. त्यातले अनेक जण रोज लोकलने जाऊन गाडीत किरकोळ वस्तू विकतात. १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्टेशनवर अंध आईसोबत चाललेला मुलगा रुळावर पडला आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवलं, तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. ही माणसं कष्टाने खातात, पण सगळी कमाई एका लोकलवर टांगलेली. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, तसा धंदाही थांबला.

त्याच लाइनवर पुढे उल्हासनगर आहे. तिथल्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, पुढे सेंट झेवियर्स कॉलेज आणि दिल्लीचं जेएनयू. २०१६ च्या निकालात यूपीएससीत त्यांचा ७७३ वा क्रमांक आला, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या सेवेत घेतलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. प्रत्येक मूल आयएएस होणार नाही, ते डोळस मुलांचंही होत नाही. पण ब्रेल, शाळा, कॉम्प्युटर या गोष्टी वेळेवर मिळाल्या तर पोटापाण्याचे रस्ते वाढतात.

अंध कोण, अल्पदृष्टी कोण?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये याची व्याख्या दिली आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती अंध. म्हणजे निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं, ते तिला ३ मीटरवरूनही दिसत नाही. ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान नजर असेल तर अल्पदृष्टी. समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, अशी नजरेची कक्षा फार अरुंद असणारेही यात येतात.

अल्पदृष्टी मुलांचे हाल जास्त होतात. ‘दिसतंय की थोडं’ म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही आणि मूलही चिडवतील म्हणून लपवतं. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावं. जाड काळ्या पेनने लिहायला द्यावं, भिंग द्यावं, मोबाइलमध्ये अक्षर मोठं करून द्यावं. नजर आणखी कमी होत जाणार असं डॉक्टर म्हणाले असतील, तर थोडं दिसतंय तोवरच ब्रेल आणि काठी शिकवून घ्यावी.

वयाप्रमाणे तयारी

६ ते १० वर्षे : शाळा चुकवू नये. गावच्या जिल्हा परिषद शाळेत घालायचं असेल, तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करावी. अंधशाळाच हवी असेल तर मुंबईत दादर आणि ताडदेवला, पुण्यात मुलांसाठी कोरेगाव पार्कला आणि मुलींसाठी कोथरूडला जुन्या शाळा आहेत. घरी मुलाला बसवून भरवू नये. पाणी भरणं, कपडे घड्या घालणं, भांडी लावणं, शेळीला चारा टाकणं हे सगळं त्याला जमतं. पुढे कामाच्या जागी हीच सवय उपयोगी पडते.

१० ते १५ वर्षे : पांढरी काठी घेऊन आधी घर ते दुकान, मग घर ते एसटी स्टँड असं एकट्याने जायला शिकवावं. सुरुवातीला मागून दहा पावलांवर कुणीतरी चालावं. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक असतंच, सेटिंगमधून चालू केलं की फोन बोलतो. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. तिथे बोटं ठेवून न बघता टायपिंग शिकतात. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप २०२० पासून आहे. सहीसाठी पुठ्ठ्याला सहीएवढी खाच पाडायची आणि त्या खाचेत रोज गिरवायचं.

आणखी एक गोष्ट. ‘त्याला कुठे जमणार’ म्हणून गणित सोडायला लावू नका. बँकेच्या परीक्षेत अंकगणित लागतंच.

१५ वर्षांनंतर : दहावी-बारावीला लेखनिक मिळतो. स्पर्धा परीक्षांत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. लेखनिक कोण असावा याचे नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात वाचावी. लेखनिकाला सांगून लिहून घ्यायचा सराव आधीच करावा, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको. अभ्यासाची पुस्तकं सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयात २०१६ पासून मिळतात.

कामं कोणती?

पूर्वी वेताच्या खुर्च्या विणणं आणि टेलिफोन ऑपरेटर ही ठरलेली कामं होती. मोबाइल आला आणि ऑपरेटरच्या जागा आटल्या. आता बँकेत क्लार्क आणि अधिकारी, शिक्षक, कॉल सेंटर, मसाज व फिजिओथेरपी, कॉम्प्युटरवरची कामं, कारखान्यात पॅकिंग आणि जुळणी अशी कामं अंध व्यक्ती करतात. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिसत नाही म्हणून न्यायाधीशपद नाकारता येणार नाही, असाही निकाल दिला.

स्वतःचा धंदाही होतो. महाबळेश्वरचे भावेश भाटिया अंध आहेत. त्यांनी मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅबमध्ये मेणबत्तीचं प्रशिक्षण घेतलं आणि हातगाडीवरून विक्री सुरू केली. आज त्यांच्या सनराइज कँडल्समध्ये अनेक अंध कामगार आहेत. शेतीवाल्या घरांसाठी वलसाड जिल्ह्यात फणसा इथे नॅबचं टाटा कृषी व ग्रामीण प्रशिक्षण केंद्र आहे. शेती आणि जनावरांची कामं तिथे अंधांना शिकवली जातात. नॅब १९५२ पासून काम करते आणि तिचं मुख्यालय वरळीला आहे. कर्जतहून दादरपर्यंत थेट लोकल आहे.

कायदा काय देतो?

सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यात १ टक्का अंध व अल्पदृष्टींसाठी. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट आहे. यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

पाताळगंगा, रसायनी, खोपोलीतल्या कंपन्यांबाबत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेला दिव्यांगांसाठी समान संधी धोरण तयार करून जाहीर करावं लागतं. दिव्यांगांना कोणती कामं देता येतील तेही त्यात लिहावं लागतं. खासगी कंपनीवर आरक्षणाची सक्ती नाही, पण हे धोरण मागायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्ज घेऊन गेटवर जाताना आधी तेच मागावं.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. कारखान्यांची घरपट्टी येते त्या गावांत ही रक्कम बरीच होऊ शकते. वर्षातून एकदा घरटी थोडे पैसे वाटण्यापेक्षा त्यातून कॉम्प्युटर, काठी, प्रशिक्षणाचं जाण्यायेण्याचं भाडं मिळावं, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

आधी ही कागदपत्रं करा

१. यूडीआयडी कार्ड : स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र याच पोर्टलवरून मिळतं.
२. आधार आणि मुलाच्या नावाचं बँक खातं.
३. एसटीचा सवलत पास : भाड्यात ७५ टक्के सूट.
४. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर.
५. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट : राज्य सरकारच्या बऱ्याच पदांना लागतं.

नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी आहे ना, हे आत्ताच बघून घ्या. भरतीची जाहिरात निघाल्यावर दुरुस्तीला धावपळ केली तर तारीख निघून जाते. मूल आज दुसरीत असेल तर हाताशी दहा वर्षं आहेत. बारावीत असेल तर काठी, टायपिंग आणि यूडीआयडी या तीन गोष्टी याच महिन्यात सुरू करा.