निर्वात आकारण तंत्र आणि मोठ्या प्लास्टिक भागांचे उत्पादन : महाराष्ट्रातील स्थाननिश्चितीचा इतिहास व सेलू परिसर

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील सेलू हे तालुक्याचे गाव कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. निजाम राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाला. या मार्गावरील सेलूसारख्या गावांत कापसाचा व्यापार वाढला व जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेफ्रिजरेटर, दुचाकी, ट्रॅक्टर या वस्तू येथील घरांत व शेतांत आल्या. परंतु त्यांचे मोठे प्लास्टिक भाग घडविणारा उद्योग मुख्यतः मुंबई-पुणे पट्ट्यातच स्थिरावला. हे भाग ज्या निर्वात आकारण म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग तंत्राने तयार होतात, त्यास भांडवल तुलनेने कमी लागते. असे असता त्याचा प्रसार लहान गावांकडे का झाला नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तंत्राचे स्वरूप :

प्लास्टिकचा सपाट पत्रा चौकटीत चहूबाजूंनी आवळून धरतात आणि तो मऊ होईपर्यंत तापवितात. नंतर तो साच्यावर आणून साच्याच्या बारीक छिद्रांतून मधली हवा पंपाने काढून घेतात. बाहेरील वातावरणाचा दाब पत्र्यास साच्यावर घट्ट बसवितो. थंड झाल्यावर कडा कापतात व उरलेले तुकडे दळून पुन्हा पत्रा करण्यासाठी वापरतात. हा दाब एका चौरस मीटरवर सुमारे १० टन भरतो. क्षेत्रफळ वाढले की एकूण बल आपोआप वाढते, त्यामुळे मोठ्या भागांसाठी हे तंत्र विशेष अनुकूल ठरते. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साच्यावर शेकडो वातावरणांइतका दाब येतो आणि त्यासाठी पोलादी साचा अपरिहार्य असतो. येथे मात्र लाकूड, इपॉक्सी राळ वा ॲल्युमिनियमचा साचाही चालतो. या तंत्राची मर्यादाही स्पष्ट आहे. साचा खोल असल्यास पत्रा ताणला जाऊन कोपऱ्यांत पातळ होतो. त्यावर उपाय म्हणून पत्रा आधी हवेने फुगवून मग साच्यावर ओढण्याची पद्धत रूढ झाली.

ऐतिहासिक विकास :

वातावरणास दाब असतो हे टॉरिचेली व ऑटो फॉन गेरिक यांच्या प्रयोगांनी सतराव्या शतकाच्या मध्यासच सिद्ध झाले होते. त्याचा असा उपयोग होण्यास तापविल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकची वाट पाहावी लागली. १९३० च्या दशकात ॲक्रिलिक व पॉलिस्टायरीन बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात ॲक्रिलिकचे पत्रे तापवून लढाऊ विमानांची पारदर्शक छत्रे घडविण्यात आली. युद्धोत्तर काळात अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने निर्वात आकारणाने उठावाचे नकाशे तयार केले. पुढे आवेष्टन व रेफ्रिजरेटर हे उद्योग या तंत्राचे मोठे ग्राहक बनले. पूर्वी मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे असणारे रेफ्रिजरेटरचे आतील अस्तर प्लास्टिकच्या एकाच पत्र्यातून निघू लागले.

महाराष्ट्रातील वाटचाल :

भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन पॉलिकेम कंपनीने १९५७ मध्ये मुंबईत सुरू केले. पुढील वर्षी, १९५८ मध्ये, गोदरेजने देशी रेफ्रिजरेटर बाजारात आणला. १९८९ मध्ये याच कंपनीने रेफ्रिजरेटरमध्ये पॉलियुरेथेन फोमचा वापर सुरू केला. बाहेरचा पोलादी पत्रा व आतील प्लास्टिकचे अस्तर यांमधील पोकळीत हा फोम भरतात. त्यामुळे अस्तर हे केवळ आच्छादन न राहता सांगाड्याचा भाग झाले. १९९५ मध्ये रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे सुप्रीम पेट्रोकेमचे पॉलिस्टायरीन उत्पादन सुरू झाले. शिरवळ येथे गोदरेज, तर रांजणगाव येथे व्हर्लपूल, एलजी व हायर यांचे रेफ्रिजरेटर कारखाने आले. अशा रीतीने कच्चा माल, घडण व जुळणी ही तिन्ही अंगे पश्चिम महाराष्ट्र व कोकणात एकवटली.

स्थाननिश्चितीचा प्रश्न :

आल्फ्रेड वेबर याने १९०९ मध्ये मांडलेल्या उद्योगस्थान सिद्धान्तात वाहतूकखर्चास मध्यवर्ती स्थान आहे. सेलूचा कापूस हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १०० किलो कापसापासून साधारण ३४ ते ३५ किलो रुई मिळते व उरलेला मुख्य भाग सरकीचा असतो. शिवाय सुटा कापूस फार जागा व्यापतो. म्हणून सरकी वेगळी करून रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधण्याचे काम शेताजवळच करणे परवडते. जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना सेलूस आला तो यामुळे.

निर्वात आकारणात हाच नियम उलट दिशेने लागू होतो. पत्रे एकावर एक रचून गाडी भरता येते. परंतु घडविलेले खोल अस्तर आत पोकळ असते. त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्याने अशी अस्तरे एकात एक नीट बसत नाहीत. गाडीत माल कमी व हवाच अधिक जाते. म्हणून घडण जुळणीच्या कारखान्यातच किंवा त्याच्या निकट होते. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यावर सुट्या भागांचे लघुउद्योग त्याच्याभोवतीच वाढले, हेही या दृष्टीने बोलके आहे.

शासनाने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले व १९६४ पासून अविकसित भागांतील उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजना लागू केली. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला, तर १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ अस्तित्वात आले. भूखंड व सवलती यांमुळे उत्पादनखर्च कमी होतो. जवळ ग्राहक-कारखाना नसल्याची उणीव मात्र त्यांनी भरून निघत नाही.

निष्कर्ष :

निर्वात आकारणाचा प्रसार भांडवलाच्या अभावी अडला नाही. मोठ्या, पोकळ भागांच्या वाहतुकीने तो बांधला गेला. जे आकारमान कापसाच्या बाबतीत सेलूस उपकारक ठरले, तेच येथे प्रतिकूल ठरले. परिणामी या परिसरातील तरुणास या कामासाठी रांजणगाव, शिरवळ वा वाळूजची वाट धरावी लागते. सर्व भागांना मात्र हा निष्कर्ष लागू नाही. रोपवाटिकेतील प्रो-ट्रे याच तंत्राने तयार होतात, ते एकात एक बसतात आणि त्यांचा ग्राहक शेतकरी असतो. तालुका पातळीवरील उद्योगाचा विचार करताना यंत्राच्या किमतीपूर्वी घडविलेल्या वस्तूचा आकार व तिचा ग्राहक तपासणे आवश्यक आहे, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.