झेनोफॉनचा अश्वविद्येवरील ग्रंथ आणि तापट घोड्याचा प्रश्न

प्राचीन ग्रीक अश्वविद्येच्या चर्चेत झेनोफॉनचा गौरव बहुधा सौम्य अश्वशिक्षणाचा आद्य पुरस्कर्ता म्हणून केला जातो. हे मत तपासून घेणे आवश्यक आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसच्या मोहिमेत सहभागी झालेला हा अथेन्सचा लेखक स्वतः अनुभवी स्वार होता. इ.स.पू. चौथ्या शतकात त्याने रचलेल्या ‘पेरी हिप्पिकेस’ या छोटेखानी ग्रंथाचे नववे प्रकरण तापट घोड्यासंबंधी आहे. त्यात करुणेपेक्षा व्यवहार अधिक आढळतो.

माणसात जसा क्रोध, तसा घोड्यात आवेश, हे त्याचे मूळ प्रमेय. अप्रिय बोलणे व वागणे टाळले की माणूस चिडत नाही, घोड्याचेही तसेच. म्हणून मांड टाकताना त्याला त्रास होऊ देऊ नये, नेहमीपेक्षा अधिक वेळ स्वस्थ उभे ठेवावे आणि मग अत्यंत सौम्य इशाऱ्याने चालवावे. भरधाव व लांबवर पिटाळून तो थकेल आणि शांत होईल, ही समजूत झेनोफॉन स्पष्टपणे खोडून काढतो. असा घोडा बळाने निसटू पाहतो आणि संतापलेल्या माणसाप्रमाणे स्वतःची व स्वाराची हानी करतो. इतर घोड्यांशी त्याची शर्यत लावण्यासही त्याचा विरोध आहे. आजही अनेक स्वारांना हा सल्ला उलटा वाटेल.

या सौम्यतेमागे एक भौतिक कारण संभवते. ते झेनोफॉन सांगत नाही, परंतु तत्कालीन साधनांवरून सूचित होते. ग्रीक स्वारापाशी रिकीब नव्हती. चौकटीचे खोगीरही नव्हते. लगाम खेचणाऱ्या घोड्याशी ओढाताण करायची, तर पाय रोवण्यास आधारच नव्हता. बळाच्या या झटापटीत स्वार आरंभीच हरलेला असे.

तथापि कठोर साधन त्याला वर्ज्य नव्हते. तापट घोड्याला गुळगुळीत कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग, अधिक मानवते, असे तो सांगतो. काटेरी घातलेच, तर हात इतका हलका ठेवावा की ते गुळगुळीत वाटावे. पुढच्याच प्रकरणात मात्र स्वाराने दोन्ही प्रकारची कडियाळी बाळगावीत, अशी शिफारस येते. काटेरी कडियाळ्याचा अनुभव आल्यावर घोड्याला गुळगुळीत सुखद वाटते, हे तेथील तर्कशास्त्र. केवळ ‘दयाळू’ हे विशेषण लावणाऱ्यांनी हे प्रकरण बाजूला सारलेले दिसते.

नवव्या प्रकरणाच्या अखेरीस त्याचा सर्वांत व्यवहारी सल्ला येतो: युद्धासाठी अतितापट घोडा घेऊच नये.