न दुखणाऱ्या पाठीचा उपचार

काही दुखत-खुपत नसताना महिन्या-दोन महिन्यांनी मणके ‘जागेवर’ बसवून घ्यायचे, ही कायरोप्रॅक्टिकची पद्धत आता आपल्या शहरांतही येऊन पोचली आहे. दुखऱ्या पाठीवर जाणत्याने हात चालवणं जगभर जुनंच. आपल्याकडे हाडवैद्य होते, युरोपातही हाडं बसवणारे पिढ्यान्‌पिढ्या होते. पण त्यांच्याकडे माणूस जायचा तो दुखलं-मुरगळलं म्हणून. धडधाकट माणसाने पुढचा आजार टळावा म्हणून मणके दाबून घ्यावेत, या विचाराचं मूळ शोधायचं तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्टला जावं लागतं.

डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा, जन्म १८४५चा. मास्तरकी, मधमाश्यापालन, किराणा दुकान असं सगळं करून तो डेव्हनपोर्टमध्ये ‘चुंबकीय उपचार’ करू लागला होता. त्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता. सतरा वर्षांपूर्वी अवघडून वाकलेला असताना त्याच्या पाठीत काहीतरी कटकन झालं आणि तेव्हापासून त्याला ऐकू येईनासं झालं होतं. पामरने पाठ चाचपली, एक मणका वर आलेला हाताला लागला, तो त्याने दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं. ही हकिकत पामरची, आणि १८ सप्टेंबर १८९५ ही तारीखही त्यानेच दिलेली. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलं ते वेगळंच: गप्पांत एक विनोद झाला, पामरने तिच्या वडिलांच्या पाठीवर थाप मारली आणि नंतर त्यांना जरा बरं ऐकू आलं. खरं काहीही असो, ऐकण्याची नस आतल्या कानातून कवटीच्या आतूनच थेट मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही.

मणके हलवणारा आपण पहिलाच, असं पामर म्हणत नव्हता. मणक्याला मागे आणि बाजूंना असलेली हाडाची टोकं तरफेसारखी वापरणारा पहिला, एवढाच त्याचा दावा होता. तिथेच तो थांबता तर बरं होतं. पण १९१०च्या ग्रंथात त्याने लिहिलं की शंभरातले पंचाण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळेच होतात. एकदा हे मानलं की प्रतिबंध ओघानेच आला: आजाराचं मूळ मणक्यात, तर आजार उमटण्याआधीच मणका का बसवू नये? थोडक्यात, प्रतिबंधाची ही कल्पना रुग्णांच्या निरीक्षणातून आलेली नाही, ती एका गृहीतकातून निघाली.

तिला बळ दिलं ते मुलगा बी. जे. पामरने. बापाने काढलेलं विद्यालय त्याने हाती घेतलं, १९१०मध्ये तिथे एक्स-रे यंत्र आणलं आणि १९२४मध्ये न्यूरोकॅलोमीटर पुढे केला. हे दोन टोकांचं हातात धरायचं यंत्र. ते पाठीच्या कण्यावरून खाली सरकवत न्यायचं आणि डाव्या-उजव्या बाजूच्या उष्णतेतला फरक काट्यावर बघायचा. काटा हलला की तिथे नस दबली आहे, असं समजायचं. असा थोडाफार फरक कुणाच्याही पाठीवर सापडतो. म्हणजे ज्याला काहीच होत नाही त्याच्यातही दोष दाखवता येऊ लागला, आणि दोष दिसला की पुढची भेट ठरली.

डॉक्टरांशी भांडण सुरुवातीपासूनचं. थोरल्या पामरने १९०६मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंग पाहिला. १९१३मध्ये कॅन्ससने या व्यवसायाला कायद्याची मान्यता दिली, शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने टाकलेला बहिष्कार बेकायदा असल्याचं न्यायालयाने १९८७मध्ये ठरवलं. हा निकाल बऱ्याचदा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण तो स्पर्धेच्या कायद्याचा होता. उपचाराने आजार टळतात की नाही, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

त्या प्रश्नाचं उत्तर व्यवसायाच्या घरातूनच आलं. ब्रिटनमधल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१०मध्ये स्पष्ट केलं की ‘सरकलेल्या मणक्यामुळे रोग’ ही ऐतिहासिक कल्पना आहे, तिला वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही. कंबरदुखीचं मात्र वेगळं आहे. तिथे मणक्यांच्या हस्तोपचाराने थोडा फायदा होतो, हे अमेरिकी डॉक्टरांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनाही मान्य करतात. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात, ज्यांची कंबरदुखी पुन्हापुन्हा उलटते आणि ज्यांना पहिल्या उपचाराने आराम पडला होता, अशांना नियमित भेटींमुळे वर्षाकाठी त्रासाचे सुमारे तेरा दिवस कमी आले. ही माणसं आधीच दुखणं भोगणारी होती, निरोगी नव्हेत. मला वाटतं, प्रतिबंधाचा खरा आणि प्रामाणिक दावा एवढाच आहे, आणि तो काही लहान नाही.

म्हणून कंबर वारंवार धरत असेल तर जाणत्या माणसाकडे जरूर जा, पण व्यायामही चालू ठेवा. मान झटक्याने वळवू देऊ नका, त्यातून मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत, क्वचित का होईना. पायात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर आधी रुग्णालय गाठा. आणि काहीच दुखत नसेल, तर मधुमेह, रक्तदाब टाळण्यासाठी म्हणून कुणी मणक्यांचं वर्षाचं पॅकेज पुढे केलं, तर त्यावर पैसे घालू नका.