कातळ, सुरुंग आणि यंत्र: भोर-वेल्ह्यातील खोदकामाचा इतिहास

भोर आणि वेल्हे (अलीकडे राजगड असे नामांतर झालेला) या तालुक्यांतील डोंगर दख्खनच्या लाव्हाथरांचे आहेत, आणि येथे कोणते हत्यार चालेल हे प्रथमपासून या थरांनीच ठरवले आहे. खाली अखंड काळा पाषाण, त्यावर कुहरी बेसाल्ट, म्हणजे ज्याच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे साचली आहेत असा तुलनेने मऊ खडक, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये पाणी लागताच ढासळणारा तांबडा थर अशी रचना असल्याने थोड्याच उंचीत खडकाची ताकद पार बदलते. तोरणा आणि राजगडावरील पाण्याची टाकी या कातळात छिन्नी-हातोड्याने खोदली गेली.

मोठ्या कामांत पुढे सुरुंग आला, म्हणजे कातळात भोक पाडून, त्यात दारू ठासून ती उडवण्याची रीत. नावाच्या साधर्म्याने पुष्कळदा भोरला जोडला जाणारा, पण प्रत्यक्षात खंडाळ्याचा असलेला बोरघाट 1856 ते 1863 या काळात रेल्वेसाठी फोडला गेला, तेव्हा तेथील 25 बोगदे हाताने पाडलेल्या भोकांतील सुरुंगांनीच खोदले गेले. त्याच सुमारास आल्प्समधील फ्रेजुस बोगद्यात 1861 पासून दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे काम करत होती. सह्याद्रीत मात्र हजारो मजूर स्वस्तात मिळत होते आणि पटकीच्या साथींत ते मोठ्या संख्येने दगावले तरी त्यांच्या जागी दुसरे आणता येत होते. यंत्र उशिरा येण्याचे कारण खडकापेक्षा या हिशेबात अधिक आहे.

भोर संस्थानातील वेळवंडी नदीवरचे भाटघर येथील जुने धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे; त्याच्या खालच्या बाजूस उभारलेल्या लॉईड धरणाचे उद्घाटन 1928 मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. सुमारे 1,600 मीटर लांबीचे हे डबरी बांधकाम, म्हणजे ओबडधोबड दगड चुन्यात बसवून रचलेली भिंत, दगड फोडणाऱ्या वडारांच्या आणि तो घडवणाऱ्या पाथरवटांच्या कसबाशिवाय उभे राहण्यासारखे नव्हते. वेल्ह्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण मातीचे होते. 12 जुलै 1961 रोजी ते फुटले, त्याचे मूळ अपूर्ण अवस्थेतील विमोचकात, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या मार्गात, आणि पाणी लवकर अडवण्याच्या घाईत होते. खोदाई आणि भराव कितीही वेगाने झाला तरी बांधकामाचा क्रम मोडता येत नाही, हा या दुर्घटनेचा उघड धडा धरण अभियंत्यांनाही महागात पडूनच मिळाला.

पुढील दशकांत उत्खनन यंत्रे, म्हणजे तेलाच्या दाबावर हलणाऱ्या हाताला बादली जोडलेली यंत्रे, या भागात रूढ झाली आणि रस्त्यांपासून शेततळ्यांपर्यंत सर्वत्र ‘पोकलेन’ आणि ‘जेसीबी’ दिसू लागले. बादलीऐवजी ब्रेकर, म्हणजे खडकावर सतत ठोके मारणारी जाड छिन्नी, बसवला की तेच यंत्र कातळ फोडते, मात्र अखंड पाषाणापुढे त्याचा वेग फार मंदावतो.

सबंध बोगदा खोदणारे यंत्र मात्र जवळच्या पुणे शहरात दिसले: पुणे मेट्रोने शिवाजीनगर ते स्वारगेट या भागात मुळा, मुठा आणि पवना या नावांची तीन बोगदा खोदणारी यंत्रे वापरली. फिरत्या चकतीवरील कठीण पोलादी चाकांनी खडक चिरडत जाणारे हे यंत्र शहराखाली उपयोगी पडते, कारण तेथे सुरुंगाचे हादरे परवडत नाहीत आणि बोगद्याचा व्यास सारखा राहतो. डोंगरातील आखूड बोगद्यासाठी ते आणणे, जोडणे आणि पुन्हा काढणे यांचा खर्च सहसा भरून निघत नाही, शिवाय तांबडा थर मध्ये आला की ते अडण्याची भीती असते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी 1999 आणि 2012 मध्ये जलाशयाचा तळ बोगद्यातून फोडताना अखेरचा खडक उडवला तो सुरुंगानेच. सह्याद्रीत यंत्राने भोक पाडणारे आणि राडारोडा उचलणारे हात बदलले, सुरुंगाची जागा मात्र घेतलेली नाही.